वास घेऊन सॉसेज कळत नाही

"वास घेऊन बघितला होता डॉक्टर, अगदी चांगला होता."

खराडीतल्या माझ्या ओपीडीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पेशंट पोटावर हात धरून खुर्चीत बसला की पुढची गोष्ट मला साधारण ठाऊक असते. शनिवारी मुलाच्या वाढदिवसाला घरीच हॉट डॉग केले. मोठं पाकीट आणलं होतं, अर्धं उरलं. त्याला रबर लावून फ्रीजच्या दारात ठेवलं. मधे एक दिवस लाईट गेली होती, पण ती काय, जातेच. पुढच्या गुरुवारी ऑफिसमधून यायला उशीर झाला, स्वयंपाकाच्या मावशी आल्या नव्हत्या, पोरांना भूक लागली होती. पाकीट काढलं, नाकाशी धरलं, ठीक वाटलं, तव्यावर परतलं. आणि शुक्रवारी सकाळी सगळं घर माझ्यासमोर.

आता त्या उलट्या सॉसेजमुळेच झाल्या हे मी सिद्ध करू शकत नाही. चौकशी केली तर त्याच आठवड्यात पाणीपुरीही झालेली असते आणि टँकरचं पाणीही. पण माझं भांडण त्या एका पाकिटाशी नाही. "वास घेऊन बघितला" या वाक्यात जो विश्वास आहे, त्याच्याशी आहे. तुमच्या आईचं नाक उत्तम होतं, आजीचं त्याहून उत्तम. दूध नासलं, आमटी आंबली, भात चिकट झाला, हे त्यांना झाकण उघडण्याआधी कळायचं. ते नाक दुधावर आणि आमटीवर तयार झालेलं होतं. सॉसेज त्या अभ्यासक्रमात नव्हतं.

कारण साधं आहे. अन्नाला वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. ते कधी एकत्र येतात, कधी नाही. सॉसेजमध्ये मीठ, मसाला, धुराचा स्वाद आणि नायट्राइट इतकं असतं की वास आणणाऱ्यांना पाय रोवायला वेळ लागतो. त्याच वेळात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू निवांत वाढू शकतो. त्याला मिठाचं भय नाही. तो बहुतेक वेळा आपल्याच हातावरून आणि नाकातून अन्नात येतो. तो एक विष तयार करून ठेवतो, आणि ते विष उकळूनही जात नाही. जंतू मरतो, विष राहतं. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर मला आधी याचीच शंका येते. पार्टीत ताटलीत मांडलेली, टूथपिक लावलेली, सगळ्यांनी हाताळलेली आणि रात्री अकराला "वाया नको जायला" म्हणून परत डब्यात भरलेली सॉसेजं ही त्याची आवडती जागा. दुसऱ्या दिवशी ती कितीही खमंग परता.

दुसरा जंतू लिस्टेरिया. याची खोड अशी की तो फ्रीजमध्येही वाढतो. हळू वाढतो, पण वाढतो. कारखान्यात सॉसेज शिजवलेलं असतं, तेव्हा तो मरतो. मात्र शिजल्यानंतर आणि पाकीट बंद होण्याआधी ते यंत्रांवरून, पट्ट्यांवरून जातं, आणि तिथे लिस्टेरिया बसलेला असेल तर तो पाकिटात शिरतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७ आणि २०१८ मध्ये जी साथ आली ती आजवरची नोंदलेली सर्वांत मोठी लिस्टेरियाची साथ. हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू. शोध घेता घेता तपासयंत्रणा पोहोचली ती पोलोनी या तयार, जाड सॉसेजच्या एका कारखान्यापर्यंत. रुग्णांमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक नवजात बाळं होती. बाळांनी पोलोनी खाल्ली नव्हती. त्यांच्या आयांनी खाल्ली होती. त्या आयांपैकी कुणाला वास आला असेल असं मला वाटत नाही.

"पण आपल्याकडे असं कुठे ऐकतो?" असं तुम्ही म्हणाल. ऐकत नाही, कारण शोधत नाही. गरोदर बाईला ताप आला की आपण डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आणि लघवी तपासतो. रक्ताचं कल्चर क्वचित पाठवतो. बाळ पोटात गेलं तर घरचे नशिबाला बोल लावतात आणि विषय मिटतो.

तिसऱ्याचं तर नावच सॉसेजवरून पडलं आहे. बोट्युलिझम. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये लोक घरी केलेली सॉसेजं खाऊन लुळे पडून मरत होते, तेव्हा युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८१७ ते १८२२ या काळात त्या रुग्णांच्या नोंदी करून ठेवल्या. हा गृहस्थ कवीही होता, आणि धाडस असं की त्याने ते विष स्वतःवरही थोडं घेऊन पाहिलं. हवा नसलेल्या बंद जागेत, म्हणजे सॉसेजच्या पोटात किंवा व्हॅक्यूम पाकिटात, हे विष तयार होऊ शकतं. आज ते क्वचितच दिसतं, आणि त्याचं बरंच श्रेय त्या नायट्राइटला आहे ज्याला आपण व्हॉट्सअ‍ॅपवर रोज शिव्या देतो. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी फ्रीज.

आपल्याला फ्रीज ही तिजोरी वाटते. आत ठेवलं म्हणजे सुटलो. पण फ्रीज जंतू मारत नाही, फक्त त्यांची चाल मंदावतो. तीही आतलं तापमान चार अंश किंवा त्याखाली असेल तरच. तुमच्या फ्रीजमध्ये आत्ता किती अंश आहे? बटणावर तीन लिहिलंय म्हणजे तीन अंश नव्हेत, तो फक्त कंप्रेसरचा जोर आहे. काही ठिकाणी तीन म्हणजे जास्त थंड, काही ठिकाणी कमी. आपल्या फ्रीजमध्ये कणकेचा डबा, इडलीच्या पिठाचं पातेलं, कोथिंबिरीची जुडी, कालची भाजी, पाण्याच्या आठ बाटल्या अशी दाटी असते की गार हवेला फिरायला जागा नसते. त्यात मे महिन्यात घरातलं प्रत्येक माणूस दर पंधरा मिनिटांनी दार उघडतं. आणि सगळ्यांत उबदार जागा म्हणजे दार. सॉसेजचं उघडं पाकीट नेमकं तिथे, सॉसच्या बाटलीशेजारी. फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. इतक्या पैशांत तुम्ही रविवारी एक कॉफी पिता. तो आणा, मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी आकडा बघा. बरेच जण घाबरतील, आणि घाबरलेलंच बरं.

मग गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय हे सांगायला नको. महावितरणची दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघतात. खराडीतल्या सोसायट्यांना जनरेटर आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तुमच्या फ्लॅटमध्ये बॅकअपवर नेमकं काय चालतं? पुष्कळ ठिकाणी दिवे, पंखे आणि लिफ्ट, बस. फ्रीजचा प्लग त्यात आहे का हे इलेक्ट्रिशियनला एकदा विचारा. दार बंद ठेवलं तर फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. सकाळी दहाला गेलेली लाईट संध्याकाळी पाचला आली, मधे मुलांनी चार वेळा पाणी काढलं, तर त्या दिवसानंतर उघडं सॉसेज टाकून द्या. हो, टाका. दोनशे रुपयांचं पाकीट आणि सलाईन यांतलं महाग काय, हे बिल भरणाऱ्याला विचारा.

पण सगळा दोष तुमच्या स्वयंपाकघरावर ढकलला तर तो अन्याय होईल, आणि माझा खरा राग तिथे नाहीही. पाकीट तुमच्या घरी पोहोचतं तेव्हाच ते किती वेळा वितळून परत गोठलं आहे, हे तुम्हाला कुणीही सांगत नाही. आपल्याकडे मिळणारं बहुतेक चिकन सॉसेज गोठवलेलं असतं आणि पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं, उणे १८ अंशांवर ठेवा. कारखाना ते पाळतो असं धरू. मग ट्रक, वितरकाचं गोदाम, डार्क स्टोअर. तिथून एक तरुण पाठीवर बॅग घेऊन दुचाकीवर निघतो. नगर रोडच्या कोंडीत, एप्रिलच्या दुपारी. दहा मिनिटांत आलं म्हणून आपण खूश. पण त्या बॅगेत बर्फ होता का? पाकीट गरम समोशांशेजारी होतं का? मग गेट. तुम्ही मीटिंगमध्ये, म्हणून फोनवर "गेटवर ठेव". वॉचमनच्या टेबलावर, उन्हाच्या बाजूला, दीड तास. बाहेर ३२ अंशांच्या वर उष्णता असेल तर असं अन्न एक तासापेक्षा जास्त बाहेर राहू नये, एरवी दोन तास. खराडीत मार्च ते जून दुपारी ३२ च्या खाली असतंच कधी?

जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्याच पुण्यात, बालेवाडीतल्या एका डार्क स्टोअरवर कारवाई केली. तिथे अन्न परवान्याशिवायच काम चाललं होतं. बातमी दोन दिवस चालली आणि आपण पुन्हा ऑर्डर द्यायला लागलो. मी म्हणत नाही की मागवू नका. मी म्हणतो की दारात पाकीट हातात घ्या आणि दाबा. गोठवलेलं सॉसेज दगडासारखं कडक असायला हवं. वाकलं, तर तिथल्या तिथे परत करा. त्या मुलावर ओरडू नका, त्याच्या हातात काही नाही. अ‍ॅपवर तक्रार करा, फोटो टाका, पैसे परत मागा. शंभर घरांनी पाकिटं परत पाठवली तर कुणीतरी बॅगेत बर्फ ठेवेल. आरोग्याचे लेख वाचून तो ठेवला जाणार नाही.

दुकानातून घेत असाल तर तिथेही डोळे वापरा. पाकिटाच्या कोपऱ्यात बर्फाचे खडे साचले असतील, सॉसेजं एकमेकांना चिकटून एक ढेकूळ झालं असेल, तर ते एकदा तरी वितळून परत गोठलेलं असण्याची शक्यता मोठी. व्हॅक्यूम सुटून पाकीट फुगलेलं किंवा सैल असेल, आत दुधट पाणी दिसत असेल, तर परत ठेवा. दुकानदार रात्री फ्रीजर बंद करतो का हे तो सांगणार नाही, पण फ्रीजरच्या तळाशी गोठलेलं पाणी ते सांगतं. आणि खरेदीच्या यादीत सॉसेज शेवटी घ्या, मॉलमध्ये शिरल्या शिरल्या नाही.

एक किलोचं पार्टी पॅक, एकावर एक फुकट, हा सापळा आहे. चार माणसांच्या घरात एक किलो सॉसेज म्हणजे पंधरा दिवसांची साठवण. एक काढायला सगळं वितळवायचं, उरलेलं परत गोठवायचं. फ्रीजमध्येच हळू वितळलेलं परत गोठवणं शास्त्राप्रमाणे फार धोक्याचं नाही, पण तुमच्या आधी ते किती वेळा वितळलं याचा हिशेब तुमच्याकडे नसतो. म्हणून छोटं पाकीट घ्या, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात बंद डब्यात ठेवा, ओट्यावर नाही. सॉसेजचं पाणी खालच्या कापलेल्या कलिंगडावर ठिबकता कामा नये. उघडल्यावर पाकिटावर मार्करने तारीख लिहा. अमेरिकेतल्या संकेतस्थळांवर उघडलेल्या हॉट डॉगला एक आठवडा दिलेला असतो. तो आठवडा कारखान्यापासून घरापर्यंत सलग थंड राहिलेल्या पाकिटाचा आहे. आपल्याकडे पाकिटावर लिहिलेली मुदत पाळा, आणि लिहिलेली नसेल तर तीन दिवस. चौथ्या दिवशी नाकाला विचारायला जाऊ नका.

इथे गोव्याकडचे वाचक मला अडवतील. आमच्याकडे चोरीस चुलीवर टांगलेली असायची, अख्खा पावसाळा जायचा, कुठला फ्रीज आणि कुठला थर्मामीटर! अगदी बरोबर. पण चोरीस आणि तुमचं चिकन सॉसेज ही भावंडं नव्हेत. चोरीसमध्ये डुकराच्या मांसाला भरपूर मीठ, व्हिनेगर आणि मिरची लावतात, उन्हात सुकवतात, धुरावर धरतात. पाणी निघून जातं, आंबटपणा येतो, जंतूंना जगायला जागा राहत नाही. तिथे टिकवणं हाच पदार्थाचा हेतू होता. आजचं मऊ, गुलाबी, पाणीदार सॉसेज टिकवण्यासाठी केलेलं नाही, ते फक्त गोठवून टिकतं. रूप लोणच्याचं आणि प्रकृती दुधाची. आणि चोरीससुद्धा कुणी कच्ची खात नव्हतं, ती नीट शिजवूनच पानात यायची.

आता पाकिटाची मागची बाजू, जी तुम्ही वाचत नाही. घटक प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव चिकन असलं तरी थांबू नका, दुसरं आणि तिसरं वाचा. पाणी, तेल, सोया प्रथिन, स्टार्च, कातडी. मला रोज कुणीतरी आई सांगते, "डॉक्टर, तो पोळी-भाजी खात नाही, पण निदान सॉसेज खातो, प्रोटीन तरी जातं." प्रोटीन जातं, पण किती? शंभर ग्रॅम कच्च्या चिकनच्या छातीच्या मांसात साधारण २२ ग्रॅम असतं. तुमच्या पाकिटावरचा आकडा बघा, तो बहुधा याच्या बराच खाली असेल. सोडियमचा आकडाही बघा. समजा शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम आहे. त्याला अडीचने गुणा, दोन ग्रॅम मीठ झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. सहा वर्षांच्या मुलाने तीन सॉसेजं खाल्ली की त्याचा मोठा वाटा डब्यातच संपला. चंदननगरच्या चिकनवाल्याकडून पाव किलो बोनलेस आणून, मीठ-लिंबू-आलं-लसूण लावून तव्यावर परतायला पंधरा मिनिटं लागतात. अंडं उकडायला दहा. ज्या शहरात १९८२ पासून अंड्यांचा देशभर प्रचार करणाऱ्या समितीचं मुख्यालय आहे, तिथे प्रथिनांसाठी सॉसेजकडे बघावं लागतं, याचं मला हसू येतं आणि वाईटही वाटतं.

आणि आयएनएस २५०. हेच ते सोडियम नायट्राइट. ते बोट्युलिझमला अडवतं आणि गुलाबी रंग टिकवतं. त्याची दुसरी बाजू अशी की ते आतड्यात कर्करोगाला मदत करणारी संयुगं तयार करू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं गणित. यावरून "एक सॉसेज म्हणजे एक सिगारेट" असे संदेश फिरतात, ते चूक आहेत. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे, धोका सारखा आहे असं नाही. वाढदिवसाच्या हॉट डॉगने कुणाला कर्करोग होत नाही. रोजच्या डब्याची गोष्ट वेगळी. आणि "चिकनचं आहे, मग चालतं" ही सूट त्या यादीत मला सापडली नाही.

हे सगळं बाजूला ठेवा आणि ज्यांच्या घरी चार वर्षांखालचं मूल आहे त्यांनी एवढं तरी वाचा. सॉसेजच्या गोल चकत्या करून लहान मुलाला देऊ नका. ती चकती त्याच्या श्वासनलिकेच्या मापाची असते, मऊ असते, दाबली जाते आणि बाटलीच्या बुचासारखी घट्ट बसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये मुलांच्या घशात अडकणाऱ्या अन्नाबद्दल निवेदन काढलं, त्यात जीवघेण्या घटनांमध्ये हॉट डॉग सगळ्यात वर होता आणि अशा पदार्थांचा आकारच बदला, असं उत्पादकांना सांगितलं होतं. आपल्याकडे मात्र जाहिरातीतला डबा गोल चकत्यांनीच सजतो. द्यायचंच असेल तर उभे चार भाग करा आणि मग बारीक तुकडे. मूल बसलेलं हवं, पळतं नको, मोबाईल बघत तर मुळीच नको. अडकलंच आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब, आणि कुणालातरी १०८ ला फोन करायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, तुकडा आणखी आत जातो.

शिजवण्याबद्दल थोडंच. "आधीच शिजवलेलं आहे" हे खरं असलं तरी पाकिटातून काढून थंड खाऊ नका. आणि काही पाकिटांत कच्चंही असतं, ते वाचल्याशिवाय कळत नाही. गोठलेलं सॉसेज तेलात टाकलं की बाहेरून तांबूस होतं आणि मधोमध गारच राहतं. आधी पाण्यात उकळा किंवा वाफवा, आतून वाफ यायला हवी, म्हणजे ७४ अंश. मायक्रोवेव्ह एका टोकाला भाजतो आणि दुसऱ्या टोकाला विसरतो, म्हणून मधेच उलटा आणि मिनिटभर झाकून ठेवा.

घरात गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे आजी-आजोबा, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेलं कुणी असेल, तर त्यांच्या ताटात सॉसेज वाफाळतंच जायला हवं, नाहीतर जाऊच नये. गरोदरपणात ताप, अंगदुखी, पोट बिघडणं असं काही झालं तर डॉक्टरांना सॉसेज खाल्ल्याचं आपणहून सांगा. कालचंच नाही, दोन महिन्यांपूर्वीचंही. लिस्टेरियाचा त्रास खाल्ल्यानंतर दहा आठवड्यांपर्यंत कधीही उमटू शकतो, आणि वेळेवर रक्ताचं कल्चर पाठवलं तर त्याच्यावर साधी, जुनी अँटिबायोटिक्स चालतात. पाकीट राहिलं असेल तर तेही घेऊन या. वास घेऊन नाही, लेबल वाचून.